जिन्यातला साक्षीदार

फेरारा, १२ फेब्रुवारी २००६

ती. ऑरिकाताईस,
धाकटीचा दंडवत. मी बरी आहे. तू बरी आहेस का ते विचारत नाही, कारण तू खरं कधी लिहीत नाहीस. फोन करत नाही, कारण फोनवर तू रडतेस आणि कार्डातली मिनिटं माझी जातात. त्यापेक्षा दोरू ड्रायव्हरच्या रविवारच्या गाडीतून कागद धाडलेला बरा. सोबत खोकं आहे : कॉफी, ऑलिव्हचं तेल, तुझ्या गुडघ्यांचं मलम. कॉफी शेजारणींना वाटत बसू नकोस. मागच्या खेपेला अर्धी वाटलीस, मला इथे बसून कळलं.

इथली म्हातारी ब्याण्णवची झाली. पाव उशीच्या अभ्र्यात लपवते आणि मी चोरला म्हणून मुलाला फोन करते. नऊ वर्षं झाली मी दुसऱ्यांच्या आया धुतेय-पुसतेय. आपल्या आईला शेवटची आंघोळ मात्र तू घातलीस. असो.

आता मुद्द्याचं. आपल्या त्या जुन्या इमारतीतली आणखी एक जागा घेतेय. चौथ्या मजल्यावरच्या दोन आहेतच, ही तिसऱ्यावरची, घड्याळजीची. म्हातारा मुलीकडे चाललाय, मातीमोलाने देतोय. मातीमोल का, तर दाराशेजारी नगरपालिकेने ती लाल चकती ठोकलीय, की मोठा भूकंप झाला तर हे घर पडेल. अगं, मोठा भूकंप झाला तर काय पडणार नाही? सत्त्याहत्तर साली बुखारेस्टमधली एवढी घरं बसली, हे उभं राहिलं. आणि चकती नसती तर चार यत्ता शिकलेल्या बाईला शहराच्या मध्यात कुणी संडास तरी विकला असता का?

झामफिराचंच बघ. इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी उकळते, नवरा परागंदा, कडेवर पोरगं. एवढ्या भाड्यात तिला मध्यवस्तीत कोण उभं करतं? पायी कामाला जाते, बसचे पैसे वाचवते. मी तिला डोक्यावर छप्पर देते, ती मला म्हातारपण देते. तीन जागा भाड्याला लागल्या की मी हे सगळं सोडून परत येणार. पंचावन्नाच्या आत. मग तू आणि मी, आणि कुणाची आई धुवायची नाही.

ईस्टरच्या आधी सगळीकडे चुना मारून घे.
लोभ आहेच, पत्र उशिरा आलं तर कमी करीन.
साफ्ता


बुखारेस्ट, २७ फेब्रुवारी २००६

चि. साफ्तास,
थोरलीचे अनेक आशीर्वाद, आणि मलमाबद्दल दोन जास्त. कॉफी यंदा फक्त एकीला दिली. तिचा नवरा वारला, तिच्याकडे प्यायला माणसं येतात.

तुला न आवडणारं लिहिते आहे, बसून वाच. आपल्या जिन्यात, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या टप्प्यावर, भिंतीला भेग आहे. नोव्हेंबरात नगरपालिकेचा इंजिनिअर आला होता, मिरोन नावाचा, कोवळा पोर आहे. त्याने भेगेवर आडवा प्लॅस्टरचा पट्टा लिंपला, तळहाताएवढा, आणि तो ओला असताना खिळ्याने त्यात तारीख कोरली. याला त्यांच्यात साक्षीदार म्हणतात. भिंत हलली तर साक्षीदार तडकतो. तडकला की कुणाची सही लागत नाही, हुकूम निघतो. सगळ्यांना दोन वर्षं दुसरीकडे नेऊन ठेवतात आणि घर आतून लोखंडाने बांधून काढतात. तडकला नाही तर मात्र सगळ्या मालकांच्या सह्या लागतात. अकरापैकी दहांनी केल्या. राहिलेली अकरावी तू.

काल भाडं घ्यायला गेले, तेव्हा चढताना पाहिलं. पट्ट्यावर केसाएवढी रेघ आली आहे. झामफिरानेही पाहिली असावी. तिने विचारलं की हे काय आहे, मी म्हटलं साफ्ताला विचारते. मिरोन ईस्टरनंतर बघायला येणार आहे.

सत्त्याहत्तर साली तू गावी होतीस, म्हणून तुला ते उभं राहिलेलं घर आठवतं. मला माझा नवरा, पेत्राके आठवतो. त्या शुक्रवारी मित्राकडे सोंगट्या खेळायला गेला होता. भिंती उभ्या होत्या, जिना तेवढा गेला होता, आणि सगळे जिन्यातच सापडले. तेव्हापासून मी पलंगाशी जोडे ठेवून झोपते, तू हसतेस. हस. पण सही पाठव.
माया आहे ती तुझ्या सहीवर अवलंबून नाही, तरी पाठव.
ऑरिका


फेरारा, १२ मार्च २००६

ती. ताईस,
दंडवत. रागात लिहितेय, अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

सही करणार नाही. दोन वर्षं म्हणतात ते लोक. दोनाची पाच होतात. तुमच्याच शेजारच्या गल्लीतली माणसं कधीची बाहेर काढलीत, अजून शहराबाहेरच्या खुराड्यात बसलीत, आणि घराच्या खिडक्यांतून झाडं उगवलीत, तूच मला लिहिलं होतंस. दोन वर्षं भाडं नाही म्हणजे मी इथे आणखी चार वर्षं. माझी कंबर चार वर्षं टिकणार नाही. आणि झामफिरा पोराला घेऊन कुठे जाईल? धुलाईघर काय तिच्या मागोमाग शहराबाहेर जाणार आहे? गरिबाला घराबाहेर काढायचं आणि त्याला वाचवलं म्हणायचं, ही यांची रीतच आहे.

आता नीट ऐक. ईस्टरचा चुना मारायला गाव्रिला गवंडी येईल, तेव्हा त्याच्याकडून तो पट्टा खरवडून नवा लावून घे. तसाच, तेवढाच. ओला आहे तोवर खिळ्याने तीच जुनी तारीख कोर. तुझं अक्षर चांगलं आहे. चुन्यात चुना, कुणाच्या बापाला कळणार नाही. रेघ केसाएवढी आहे म्हणतेस ना? केसाने कुणाचं घर पडलंय?

तू मला आजवर कशाला नाही म्हटलं नाहीस. आता सुरुवात करू नकोस.
हे पत्र वाचून जाळ.
लोभ पाहिजे, उपदेश नको.
साफ्ता


बुखारेस्ट, २८ एप्रिल २००६

चि. साफ्तास,
आशीर्वाद. ईस्टर झाला. तुझ्या वाटणीचं लाल अंडं देवापुढे ठेवलं आहे.

तू सांगितलंस ते केलं. गाव्रिलाने पट्टा खरवडला तेव्हा खालची भेग पाहून त्याने टोपी काढून पुन्हा घातली. तारीख मी कोरली. पंधरा नोव्हेंबर. एक आकड्याची रेघ वाकडी गेली. तेवढ्यात वरून झामफिरा आली, कडेवर पोर, हातात माझ्यासाठी गोड पाव. पोराने हात लावला आणि त्याच्या बोटांना पांढरं लागलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, चुना आहे, वाळेल. तिने पोराची बोटं झग्याला पुसली आणि पाव माझ्या हातात दिला.

परवा मिरोन आला. चष्मा कपाळावर सारून त्याने पट्टा पाहिला आणि खूश झाला. म्हणाला, आजी, तुमचं घर ठाम उभं आहे. वहीत तसं लिहिलं. दुरुस्तीच्या यादीत आपल्या जागी दुसऱ्या गल्लीतलं घर घेतलं. मी त्याला कॉफी दिली, तू पाठवलेली. तो दोनदा आभार मानून गेला.

तुझं पत्र जाळलं नाही. तुझं एकही पत्र मी जाळलेलं नाही. पिठाच्या पिशव्यांच्या कागदावर तुझा हात धरून मी तुला अक्षरं शिकवली, ती माझ्याने चुलीत घालवत नाहीत. बिस्किटांच्या डब्यात आहेत सगळी.

तू आता सुखी आहेस का ते लिही. माझी माया आहे तशीच आहे, माझी झोप तेवढी गेली.
ऑरिका


फेरारा, १४ मे २००६

ती. ताईस,
दंडवत आणि शाबास. बघ, जमलं की नाही! इंजिनिअरच म्हणाला ठाम आहे म्हणून, मग आपण कोण शंका काढणाऱ्या. घड्याळजीच्या जागेचे कागद झाले. आता म्हातारी पाव लपवते तेव्हा मी हसते. परवा मीच एक तुकडा तिच्या अभ्र्यात घातला, बिचारी शोधून थकली होती.

झोपेसाठी लिंडनच्या फुलांचा काढा घे. आणि डबा कुलपात ठेव.
लोभ वाढवलास, आता टिकव.
साफ्ता


बुखारेस्ट, ६ सप्टेंबर २००६

चि. साफ्तास,
आशीर्वाद. पाकिटावरचा पत्ता वाच आणि मग ओरड. मी आता आपल्या घरातून लिहिते आहे, चौथ्या मजल्यावरून. झामफिराला पोरासकट माझ्या जागेत पाठवलं. ती म्हणत होती कामाला लांब पडेल, मी म्हटलं ट्रॅमचा पास माझ्याकडून. माझी इमारत नवी आहे, कुरूप आहे, पण हलत नाही. शेजारची तुझी जागा आणि घड्याळजीची जागा मी भाड्याने दिलेली नाही. येणाऱ्यांना सांगते की आत उंदीर आहेत. मला माफ कर, तुझ्या कष्टाची जागा आहे.

ईस्टरनंतर मी एकही रात्र नीट झोपले नाही. पोराची ती पांढरी बोटं डोळ्यांपुढे यायची. इथे आल्यापासून झोप लागते. जे मी खोटं लिहिलं त्याच्या डोक्यावर मीच झोपते, हे मला बरोबर वाटतं. बाकीच्या लोकांचं काय, हा प्रश्न राहतोच. पाचव्यावर वर्गीज शिक्षक आहेत, त्यांची बायको अंथरुणाला खिळलेली. चढताना रोज भेटतात, रोज हॅट उचलतात.

नवा पट्टा ऑगस्टात तडकला. केसाएवढा नाही, त्यात माझं नख जातं. मिरोनला बोलवायला दोनदा नगरपालिकेच्या दारापर्यंत गेले. पण मग तो विचारणार, आणि मी सांगणार, आणि ते तुझ्यापर्यंत पोचणार. तू सही पाठवलीस तर कुणाला काही विचारायचं कारणच उरणार नाही. एवढंच कर. कागद सोबत आहे, खाली फुलीची खूण केली आहे तिथे सही कर.
तुझ्या वाटेकडे नाही, तुझ्या सहीच्या वाटेकडे डोळे लावून,
ऑरिका


फेरारा, २४ सप्टेंबर २००६

ती. ताईस,
डोकं फिरलंय का तुझं? उंदीर? माझ्या जागेत उंदीर आहेत म्हणून सांगतेस? तिथे उंदीर असते तर ते तरी भाडं देत असते.

तिसऱ्या जागेचे पैसे मी म्हातारीच्या मुलाकडून उचल घेऊन भरलेत, ते फिटल्याशिवाय मला इथून हलता येत नाही. तू तीन जागा बिनभाड्याच्या ठेवल्यास म्हणजे मला इथेच पुरायचं ठरवलंस. झामफिराला परत बोलाव. तू आपल्या घरी जा. त्या जिन्याच्या ऐंशी पायऱ्या तुझे गुडघे कसे चढतात?

सही वसंतात करीन. शब्द देते. एक हिवाळा जाऊ दे, तेवढ्यात उचल फिटते. जे घर सत्तर वर्षं उभं आहे ते एक हिवाळा उभं राहील. कागद जपून ठेवलाय, म्हातारीच्या औषधांच्या पेटीत.

रागावले आहे, पण लोकरीचे मोजे पाठवतेय. चौथ्या मजल्यावर वारा लागतो.
लोभ वसंतापर्यंत पुरव.
साफ्ता


बुखारेस्ट, ३० ऑक्टोबर २००६

ती. साफ्तामावशींस,
झामफिराचा नमस्कार. बातमी ऐकताच तुम्ही फोन ठेवलात, आणि तिसऱ्या दिवशी मातीला तुम्हाला पोचता आलं नाही, म्हणून लिहिते.

बावीस तारखेला, रविवारी, चर्च सुटायच्या वेळेला हादरा बसला. अगदी लहान. मी इकडे ऑरिकामावशींच्या स्वयंपाकघरात होते, मक्याच्या पिठाची मामालिगा ढवळत होते. दिवा हलला आणि थांबला. शेजाऱ्यांनी हातातला कप खाली ठेवला नाही. शहरात कुठे काही झालं नाही, तुमच्याच घराचा जिना गेला.

वर्गीज शिक्षकांनी मला सांगितलं ते सांगते. हादऱ्यानंतर भिंतीतून आवाज येत राहिला, वाळकं लाकूड मोडल्यासारखा. वरचे लोक दारं उघडून धावत निघाले. ऑरिकामावशी आपल्या दाराबाहेर टप्प्यावर उभ्या राहून ओरडत होत्या, "जिन्यावर पाय ठेवू नका, आत जा." आतून ओरडलं असतं तर वर ऐकू गेलं नसतं. शिक्षक पहिल्या पायरीवर होते, ते मागे फिरले. मग टप्पा खाली गेला. वरच्या सगळ्यांना अग्निशमनवाल्यांनी खिडकीतून शिडीने काढलं. खाली त्या एकट्याच सापडल्या. पायात जोडे होते, आणि तुमचे मोजे.

आता दुसरं. पोलिसांनी मिरोन इंजिनिअरला धरलंय. त्याच्या वहीत घर ठाम आहे असं लिहिलंय. तो सांगतोय की एप्रिलमध्ये पट्टा अखंड होता. कुणी मानत नाही, म्हणतात पैसे खाऊन न बघता लिहिलं. त्याची बायको पोटुशी आहे, ती आमच्या इस्पितळात येते. गाव्रिला गवंडी स्पेनला गेलाय. मला गुरुवारी जबानीला बोलावलं होतं. मी म्हटलं, पोर आजारी आहे, नंतर येते.

बिस्किटांचा डबा सापडला. कुणाला दाखवला नाही. बारा मार्चचं पत्र तुमचं तुम्हाला परत पाठवते आहे. मी ज्या जागेत राहते ती आता तुमची झाली, मावशी. तुम्ही म्हणाल तसं बोलेन. पोराच्या बोटाला काय लागलं होतं ते मला माहीत आहे, पण मला पोराला झोपवायलाही जागा हवी.
तुमचा राग होऊ नये ही विनंती.
झामफिरा


फेरारा, १९ नोव्हेंबर २००६

झामफिरा,
तुला आणि पोराला आशीर्वाद. तो देण्याची माझी लायकी नाही, पण रीत आहे म्हणून लिहिते.

पत्र मिळालं. दोन आठवडे म्हातारीच्या औषधांच्या पेटीत होतं, त्या सहीच्या कागदाच्या शेजारी. दोन्ही रोज काढायची, रोज ठेवायची. गॅस दोनदा पेटवला. माझंच अक्षर, किती वाकडं आहे बघ. ताई म्हणायची, तुझा प्रत्येक काना भिंतीला टेकून बसलाय.

मी स्वतःला खूप समजावलं. तारीख तर तिने कोरली, ती गेली, तिला आता कोण काय करणार? असंही मनात आलं, तुझ्यापासून का लपवू. एका मेलेल्या बाईवर ढकललं की मी सुटते, तू सुटतेस, जागा राहतात. मग तिचे गुडघे आठवले. ऐंशी पायऱ्या ती रोज चढत होती आणि मी तिला मोजे पाठवत होते.

पत्र परत पाठवतेय. दोरू आणून देईल. ते मिरोनच्या वकिलाच्या हातात दे, पोलिसांच्या देऊ नकोस, तिथे कागद हरवतात. माझी आणखीही पत्रं डब्यात आहेत, सगळी दे. आणि ताईचीही घे, सोबत बांधलीत, वाचल्याशिवाय कुणाला कळायचं नाही की ती नको म्हणत होती. जबानीला जा. सांग की पट्टा ओला होता आणि पोराची बोटं पांढरी झाली. तुला कुणी शिकवलं असं म्हणाले तर सांग, हो, साफ्ताने शिकवलं, खरं बोल म्हणून. बाकीचं मी येऊन सांगते. म्हातारीच्या मुलाला सांगितलंय, तो उचल बुडाली म्हणून ओरडला, ओरडू दे. म्हातारीने मात्र अभ्र्यातून पावाचा तुकडा काढून माझ्या हातात दिला, प्रवासाला.

तीस तारखेला ताईचा चाळिसावा दिवस आहे. त्याआधी पोचते. तिच्या नावाने वाटायच्या गोड कोलिव्याचे गहू तू भिजत घाल, साखर मी आणते. वर्गीज शिक्षकांना बोलाव, वरच्या सगळ्यांना बोलाव. आले तर आले. मला घरात घेतलं नाहीत तरी चालेल, जेवण अंगणात मांड. पोलिसांना यायचं असेल तर त्यांना सांग, आधी ताईचं जेवण होऊ द्या.

ताईच्या जागेत तू राहा. भाडं मागणार नाही. उपकार म्हणून नाही, तिने तुला तिथे ठेवलंय, मी कोण उठवणारी? तसं नोटरीकडे लिहून देते, म्हणजे उद्या मी आत असले तरी तुला कुणी हात लावणार नाही. तिचे जोडे मिळाले असतील तर पलंगाशी ठेव. पोराला खेळायला देऊ नकोस.

सहीचा कागदही सोबत आहे. फुलीच्या जागी सही केलीय. आता त्याचा उपयोग नाही, पण तिने मागितली होती.

शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. ते मी लिहीत नाही. दाराला कडी नीट लाव.
साफ्ता